व्याह्यांच्या हातावरची मैना

नवी वस्तू जुनी होऊ न देण्याची विद्या या जगात कुणाला साधली असेल, तर ती आमच्या व्याह्यांना. रायपूरसारख्या गावात ही विद्या चालवणं सोपं नाही. उरला या भागातल्या कारखान्यांकडून काजळीचं वारं सुटलं की सकाळी झाडलेल्या गच्चीवर दुपारी पावलं उमटतात आणि दोरीवर वाळत घातलेलं पांढरं बनियन राखाडी होऊन घरात येतं. अशा गावात आमच्या व्याह्यांचा सोफा आजही दुकानातून आला त्याच प्लॅस्टिकमध्ये आहे. त्यावर बसलं की तो कुरकुरतो, आणि उन्हाळ्यात उठताना आपला काही भाग तिथेच राहिला की काय अशी पाहुण्याला शंका येते. टीव्हीचा रिमोट प्लॅस्टिकच्या पिशवीत आणि पिशवीला वरून रबर बँड. गादीचं वेष्टन तसंच, त्यामुळे रात्री कुणी कूस बदलली की घरभर बातमी जाते. भिंतीवरच्या घड्याळाच्या काचेवरची पातळ पट्टीदेखील त्यांनी काढलेली नाही. तिला चार आणि पाचच्या मध्ये एक मोठा फुगा आला आहे, म्हणून त्या घरात चहाची वेळ अंदाजानं ठरते.

त्यांचं घराणं भोसल्यांच्या अमलापासून रायपुरात आहे, पण नोकरीचा बराच काळ ते भोपाळला सरकारी कचेरीत होते. रायपूरकडचं वेगळं राज्य झालं तेव्हा कितीतरी लोक भोपाळ सुटू नये म्हणून खटपट करत होते, आणि हे एकटे हौसेनं रायपूर मागून घेऊन आले. राज्यदेखील त्यांना एखादी नवीकोरी वस्तू घरात यावी तसंच वाटलं असावं. स्कूटरवर नव्या राज्याची पाटी लागली त्याच दिवशी त्यांनी तिला प्लॅस्टिक चढवलं. उन्हापावसानं ते प्लॅस्टिक दुधाळ झालं आणि भनपुरीच्या नाक्यावर हवालदारानं त्यांना अडवलं. "भैया, नंबर दिखता नहीं," तो म्हणाला. "नया राज्य है साहब," आमचे व्याही गंभीरपणे म्हणाले, "संभालके चलाना पड़ेगा." हवालदारानं हातानंच जा म्हणून खूण केली. आता राज्याला मिसरूड फुटून झाली, पण व्याही अजून "आपलं नवीन राज्य" असंच म्हणतात.

त्यांची मुलगी सायली आमची सून. एकुलती एक. गुडघे फुटतील म्हणून तिला सायकल मिळाली नाही, आणि ऊन लागेल म्हणून गच्चीवर पतंग उडवायला मिळाला नाही. लग्नात पाठवणीच्या वेळी सगळे डोळे पुसत असताना त्यांनी मला हाताला धरून बाजूला नेलं. मुलीचा बाप अशा वेळी काय बोलतो ते मला माहीत होतं, आणि उत्तरादाखल दोन धीराची वाक्यं मी तयार ठेवली होती. ते कानाशी येऊन म्हणाले, "व्याहीबुवा, तिले दुपारचं गच्चीवर पाठवू नका. आणि तिच्या कपाटाचं प्लॅस्टिक काढू नका." माझी वाक्यं वाया गेली.

लग्नानंतर काही काळानं सायलीनं कचेरीतली नोकरी सोडली आणि ती टॅटू काढायला शिकायला लागली. सदर बाजारात एका कापडाच्या दुकानाच्या वर, अरुंद जिना चढून गेलं की तो स्टुडिओ होता. आमच्या घरात यावर फार चर्चा झाली नाही, कारण आमच्या घरात कशावरच फार चर्चा होत नाही. मी रेल्वेत जन्म काढलेला माणूस, गाडी सुटल्यावर आरडाओरडा करण्यात अर्थ नसतो हे मला ठाऊक आहे. सरावासाठी ती केळी आणि संत्री घरी आणायची आणि सुईनं त्यांच्या सालीवर नक्षी काढायची. आम्ही कितीतरी दिवस नक्षीदार केळी खाल्ली. एकदा सत्यनारायणाच्या पूजेत चौरंगाजवळच्या केळ्यावर हुबेहूब विंचू निघाला. भटजींनी तो पाहिला, क्षणभर थांबले आणि केळं दुसऱ्या बाजूला वळवून पुढचा मंत्र म्हणू लागले.

फळांवर हात बसला, पण माणसाच्या कातडीवर बसल्याशिवाय स्टुडिओत स्वतःची खुर्ची मिळणार नव्हती. खुर्ची मिळणं म्हणजे स्वतःची गिऱ्हाइकं घेता येणं. स्टुडिओचा मालक तिला म्हणाला होता, ताजं काम सगळ्यांचंच सुंदर दिसतं. जखम भरून आल्यावर काम कसं दिसतं ते मला दाखव, मग खुर्चीचं बोलू. आता शिकाऊ मुलीच्या सुईखाली हात कोण देणार? आमचे चिरंजीव रक्त तपासायची सुई पाहिली तरी घेरी येणारे. मैत्रिणी "पहले सीख तो ले" म्हणून हसल्या. सायली अर्ध्या जेवणावरून उठू लागली. हे माहेरी कळलं तेव्हा आमच्या व्याह्यांनी शर्टाची डावी बाही वर केली आणि हात पुढे करून म्हणाले, "माझा घे."

हे वाक्य कोण बोललं याचा विचार करा. या माणसाच्या अंगावर म्हणण्यासारखा ओरखडा नव्हता. दंडावर लहानपणच्या लशीची एक खूण होती, आणि तिच्याबद्दल ते अजून सरकारवर नाराज होते. अशा कोऱ्या हातावर सुई चालवायला ते का तयार झाले, याचं कारण मला असं वाटतं की मुलीचं काम ज्या कातडीवर राहणार, ती कातडी सांभाळायला दुसऱ्या कुणावर त्यांचा भरवसाच नव्हता. चित्र त्यांनीच निवडलं, पहाडी मैना. विहीणबाई म्हणाल्या, "या वयात हातावर मैना घेऊन बाजारात हिंडाल?" त्यावर ते म्हणाले, "राज्यपक्षी आहे तो आपला." सायलीचा चेहरा मात्र थोडा उतरला, कारण तो पक्षी जवळपास सगळा काळा, आणि मोठा काळा भाग एकसारखा भरणं नवख्या हाताला अवघड असतं.

गोंदण्याच्या दिवशी स्टुडिओत सोबतीला मी गेलो होतो. नवीन सुईचं पाकीट आपल्या डोळ्यांसमोर फोडलं जावं असा व्याह्यांचा आग्रह होता. कुठल्या तरी नव्या वस्तूचं वेष्टन काढायला त्यांनी संमती दिल्याचं मी तेव्हा प्रथमच पाहिलं. यंत्र गुणगुणू लागताच त्यांनी डोळे मिटले आणि उत्तरेकडून सुरुवात करून राज्यातल्या जिल्ह्यांची नावं म्हणायला लागले. बस्तरपर्यंत पोचले तेव्हा पंख भरून झाला होता. मग त्यांनी पुन्हा उत्तर गाठली. काम झालं आणि हात पाहिला तर खरंच देखणी मैना होती, काळीभोर, डोळ्यामागे पिवळा पट्टा, नारिंगी चोच. सायलीनं ती पुसली, वर पातळ चकचकीत प्लॅस्टिकची गुंडाळी दिली आणि काय करायचं ते नीट समजावलं. हे आवरण संध्याकाळी काढायचं. कोमट पाण्यानं आणि साध्या साबणानं बोटांनी हलकं धुवायचं, चोळायचं नाही. टिपून कोरडं करायचं. मलम पातळ लावायचं, पातळ म्हणजे पातळ. खाजवायचं नाही, उन्हात न्यायचं नाही, हळद नाही, तेल नाही. "हव, हव," व्याही मान डोलावत होते, पण त्यांची नजर त्या चकचकीत प्लॅस्टिकवरून हटत नव्हती.

संध्याकाळी सायलीनं फोन केला. "बाबा, काढलं का?" "हव, काढलं." दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच प्रश्न, तेच उत्तर. त्यात खोटं काही नव्हतं. जुनं प्लॅस्टिक ते रोज इमानेइतबारे काढत होते आणि स्वयंपाकघरातल्या गुंडाळीतून नवं कापून चढवत होते. एवढी सुंदर नवीन वस्तू उघडी ठेवायची ही कल्पनाच त्यांच्या डोक्यात शिरली नव्हती. शेवटी विहीणबाईंचा फोन आला, "सायली, तुझ्या बाबाच्या हाताले वास येऊन राहिला." मे महिना होता. आम्ही सासरा-सून स्कूटरवर पोचलो. सायलीनं ते आवरण सोडलं तर आतली कातडी खूप वेळ कपडे धुतल्यावर बोटांची होते तशी पांढरी, भिजलेली आणि सुजलेली, आणि घामात काळा रंग उतरून वाहत होता.

चिडल्यावर आमची सून हिंदीत जाते. "बाबा, ये क्या किया आपने? उसको हवा तो लगने दो!" व्याही चोरी पकडली गेल्यासारखे उभे. "मी तं जपूनच राहिलो होतो," एवढंच म्हणाले. तिनं वाडग्यात पाणी घेतलं, त्यांना त्या कुरकुरणाऱ्या सोफ्यावर बसवलं आणि हात आपल्या मांडीवरच्या टॉवेलवर ठेवून धुवायला लागली. तिचा हात स्थिर होता, डोळे मात्र भरले होते. तिची खुर्ची त्या हातावर अवलंबून होती आणि हात बापाचा होता. रागवायचं तरी कुणावर? मलाच तिथे उभं राहवेना, मी बाहेर जाऊन स्कूटरचा आरसा पुसत बसलो.

त्या दिवसापासून सायली स्टुडिओतून निघाली की आधी माहेरी जायची, हात धुवून, मलम लावून मग घरी यायची. सूज उतरली. व्याह्यांनीही आता दुसरं टोक गाठलं. हवा लागली पाहिजे म्हटल्यावर ते डावा हात आरतीचं ताट धरल्यासारखा पुढे करून घरभर फिरू लागले. झोपताना त्या हाताला वेगळी उशी. कुणी भेटायला आलं की "डावीकडून येऊ नका." जखम भरताना खाज सुटते. त्यावर त्यांनी स्वतःच उपाय शोधला होता. डाव्या हाताला खाज सुटली की ते उजवा हात बरोबर त्याच जागी खाजवत आणि डोळे मिटून समाधान झाल्याचा चेहरा करत. "खाज फसते," ते मला म्हणाले, "थोडा वेळ तरी फसते." उजव्या हाताची साल निघाली, पण डाव्याला नख लागलं नाही.

एकदोनदा सायलीला आणायला मी तिथे गेलो होतो. हात धुण्याचं काम फारसं वेळ घेणारं नव्हतं, पण त्या दोघांचं लवकर आटोपत नसे. इतकी वर्षं ते मुलीशी बोलत म्हणजे सूचना देत. आता सूचना ती देत होती, आणि अधूनमधून दिवसभराच्या गोष्टी सांगत होती. कुणी हातावर बायकोचं नाव काढून घ्यायला आलं आणि ऐन वेळी "थोडं थांबू" म्हणालं, कुणी अख्ख्या पाठीवर वाघ मागितला आणि पंजावरच रडायला लागला. व्याही ऐकत आणि सोफ्याचं प्लॅस्टिक थरथरेपर्यंत हसत. विहीणबाई चहा ठेवून जात, तो गार होई. मी दारात उभा राहून ऐकायचो आणि खाकरायचं विसरून जायचो.

मग नागपूरला नात्यातलं लग्न निघालं आणि सायली चार दिवस आमच्या चिरंजिवांबरोबर तिकडे गेली. ती नसताना, भर दुपारी, छत्री आणि लांब बाह्यांचा शर्ट अशा थाटात आमचे व्याही दारात उभे. रायपूरच्या मे महिन्यात लांब बाही पाहूनच काहीतरी बिनसलंय हे मी ओळखलं. "घरी कोणी आहे का?" त्यांनी हळूच विचारलं. मी नाही म्हणताच त्यांनी खिशातून कुंकवाची छोटी डबी काढली आणि झाकण उघडून माझ्यापुढे धरली. आत काळे पापुद्रे होते.

"हे काय?"

"मैना," ते म्हणाले. "गळून राहिली. चादरीवर पडते, शर्टात पडते. जेवढी सापडली तेवढी जमा केली. चिकटवता येत असेल तं..." त्यांनी डबीचं झाकण लावलं. "व्याहीबुवा, पोट्टीची खुर्ची गेली. माझ्यापायी गेली."

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मी त्यांना बसवलं, पाणी दिलं. या विषयातलं मला काहीच कळत नव्हतं, म्हणून म्हणालो की तिला फोन करून विचारू. "नाही, नाही," ते घाबरले. "लग्नात आहे ती, तिले सांगू नका." मग बराच वेळ ते माझ्या हाताकडे पाहत राहिले. त्या पाहण्याचा अर्थ मला उशिरा कळला. "तुमचा हात द्या ना," ते म्हणाले. "ती आली की तुमच्यावर काढून दाखवू मालकाले. तुमच्या हाताले तसेही डाग आहेत, एक नवीन बसला तं काय फरक पडते?" नकोसं स्थळ नाकारताना म्हणतात तसं मी "घरात विचारून सांगतो" म्हणालो. ते समजले. छत्री उघडून, डबी खिशात जपून ठेवून, ते उन्हात निघून गेले.

सायली परत आली ती स्टेशनवरून थेट माहेरी गेली, कारण ती परतीच्या गाडीत बसल्याबरोबर मी तिला सगळं फोनवर सांगून टाकलं होतं. मी पोचलो तेव्हा ती डबी हातात धरून इतकी हसत होती की तिला बोलता येत नव्हतं. "बाबा, खपल्या आहेत या! पडणारच. सगळ्यांच्याच पडतात. तुम्ही खालची बघा ना." तिनं डबी वॉशबेसिनमध्ये रिकामी केली तेव्हा व्याह्यांच्या चेहऱ्यावर अस्थिविसर्जनाचा भाव होता. हात धुतला आणि खाली मैना होती. डोकं, पंख, पिवळा पट्टा, सगळं जागच्या जागी. फक्त शेपटी फिकी होती, टीपकागदानं शाई ओढून घ्यावी तशी. प्लॅस्टिकखाली घाम तिथेच साचला होता. सायलीनं शेपटीवरून अंगठा फिरवला. तिचं हसू थांबलं.

जखम पूर्ण भरली आणि मालकाला दाखवायचा दिवस आला, आणि मीही सोबत गेलो. व्याह्यांनी इस्त्रीचा अर्ध्या बाह्यांचा शर्ट घातला होता. मालक आडदांड माणूस, मानेपासून मनगटापर्यंत गोंदलेला. त्यानं हात दिव्याखाली धरला, इकडून तिकडून पाहिला आणि शेपटीवर बोट ठेवलं. "पूँछ हल्की है. यहाँ हाथ हल्का पड़ गया क्या तेरा?"

सायलीनं एकदा वडिलांकडे पाहिलं. "जी, पड़ गया होगा."

आपल्या हातून एखादी वस्तू बिघडली हे आमच्या व्याह्यांनी जन्मात कबूल केलेलं नव्हतं. इस्त्री जळाली तेव्हाही त्यांनी व्होल्टेजला दोष दिला होता. ते उठून उभे राहिले. "उसका हाथ बराबर था," ते म्हणाले, आणि आवाज गरजेपेक्षा मोठा लागला. "मैंने ऊपर प्लास्टिक लगाके रखा था. रोज बदलता था. गलती हाथ की नहीं, बाप की है." बाकीच्या खुर्च्यांवरची यंत्रं थांबली. सायली खाली पाहत होती. मालकानं पुन्हा तो हात धरला, मैनेच्या पोटावरची कातडी ताणून पाहिली, दाबून पाहिली. "मे में प्लास्टिक?" त्यानं विचारलं. व्याह्यांनी मान हलवली. "इतने पर भी बाकी काला पूरा बैठा है," तो स्वतःशीच म्हणाल्यासारखा म्हणाला, आणि मग सायलीला, "वो खिड़की वाली कुर्सी ले ले. पूँछ बाद में भर देना." जिना उतरताना व्याह्यांनी माझा खांदा धरला होता. मला त्या क्षणी तो माणूस फार आवडला.

सायलीचं आता चांगलं चाललं आहे. खिडकीजवळच्या खुर्चीवर गर्दी असते, रविवारी तर जास्तच. संध्याकाळी ती घरी येते तेव्हा आमची जेवणं होत आलेली असतात. माहेरी जाणं सणासुदीला होतं, तेही धावतपळत. परवा मी सहज व्याह्यांकडे गेलो होतो. अर्ध्या बाह्यांचा शर्ट, मांडीवर टॉवेल, समोर कोमट पाण्याचा वाडगा, आणि ते एकटेच डावा हात हलक्या बोटांनी धूत बसले होते. ती जखम केव्हाच भरली आहे. मी शेजारी बसलो. नुसतं म्हणालो, "सायली सांगत होती, शेपटीचं काम तासाभराचं आहे. एकदा भरून का घेत नाही?"

"हव, म्हणते ती. मीच टाळून राहिलो."

"काहून?" त्यांच्याकडे गेलं की मीही त्यांच्यासारखाच बोलतो.

त्यांनी हात टिपून कोरडा केला. "भरली की जखम होईल. मग ती रोज येईल धुवायले, संध्याकाळी. महिनाभर तरी येईल."

"मग चांगलंच आहे की."

"चांगलं तं आहे," ते म्हणाले. "पण मग तेही होऊन जाईल ना, व्याहीबुवा. राहू द्या शिल्लक. कधी फारच वाटलं तं कामाले येईल."

विहीणबाईंनी चहा आणला, तो मी गरम असतानाच पिऊन टाकला आणि उठलो. घरी आलो तेव्हा सायली यायची होती. ती आली, हातपाय धुवून पानावर बसली, आणि तिला हे सांगावं असं मला फार वाटलं. पण सांगितलं असतं तर ती दुसऱ्याच दिवशी सुई घेऊन तिकडे गेली असती, म्हणून मी तिला भाजी वाढली.